तीन-पाचच्या जागी

टोरिलने डोकं मागे टेकवलं आणि तोंड उघडलं. सिवर्टने दिवा तिच्या डोळ्यांवरून ओढून ओठांवर आणला, छोटा आरसा गालाच्या आत सरकवला आणि मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.

"एक-आठ नाही. एक-सात. एक-सहा, चांदी भरलेली."

वर्गभर अशाच जोड्या होत्या. एकाने दातांची नावं घ्यायची, दुसऱ्याने आ करून पडून राहायचं. पहिला आकडा जबड्याच्या चार भागांपैकी कुठला ते सांगणारा, दुसरा मधल्या रेषेपासून दात कितवा ते. सिवर्ट वीस वर्षांचा होता आणि हे आकडे त्याच्या तोंडातून पाढ्यांसारखे यायचे.

टोरिल अठ्ठेचाळीसची. तिच्या किनाऱ्यावरचा मासळीचा कारखाना बंद पडला, तेव्हा दातांच्या निगेच्या या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन ती ट्रोम्सो शहरात आली होती. काल दात ओळखण्याच्या परीक्षेत ती दुसऱ्यांदा नापास झाली. ताटलीत काढलेले दात ठेवलेले. एकेक उचलायचा आणि नाव सांगायचं. सुळा, दाढ हे तिला हाताला कळायचं, पण बाजू चुकायची. समोरच्याचा उजवा तो आपल्या डावीकडे, हे डोक्यात उलटं करता करता दात बोटांत फिरायचा आणि सगळाच गोंधळ व्हायचा.

अजून एक संधी होती. तरी रात्री तिने नवऱ्याला फोन केला होता.

"मी परत येते, आर्विद. दुकानातली नोकरीची जागा गेली नाही ना?"

"आहे अजून," तो म्हणाला. "पण मी दुकानवाल्यांना काही सांगितलेलं नाही. तूच सांग."

इथे तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. आज ती आली ती एवढ्याचसाठी, की नाहीतर सिवर्टला जोडीदार उरला नसता.

"तीन-सहा," सिवर्ट म्हणाला. "तीन-पाच." मग तो थांबला. आरसा हलेना.

"आ?" टोरिलने विचारलं. तोंडात आरसा असताना एवढंच जमलं.

"काही नाही. तीन-पाचच आहे. पण रुंद वाटतो. आणि बुटका."

शिकवणारी गुडवेग पलीकडच्या खुर्चीपाशी उभी होती. ती आली, वाकून पाहिलं आणि सरळ झाली.

"तुझं काय म्हणणं, सिवर्ट?"

"मोजून तरी तीन-पाचच येतो. असेल एखाद्याचा असा."

"अजून बघ."

त्याने पुन्हा पाहिलं, पुन्हा मोजलं आणि खांदे उडवले. टोरिल उठून बसली. तिने हातआरसा मागून घेतला आणि बोटाने ओठ खाली ओढला.

त्या जागी जिभेला नेहमी एक पायरी लागायची. पावाचा कडक तुकडा तिथे अडकायचा. त्यापलीकडे तिने त्या दाताचा कधी विचार केला नव्हता. आता ती मधल्या रेषेपासून एकेक दातावर बोट ठेवत आली. इथे उपदाढ हवी, म्हणजे दोन उंचवटे, फार तर तीन. हा झिजून सपाट झाला होता, पण पाच उंचवट्यांच्या खुणा दिसत होत्या. मागच्या मोठ्या दाढेचंच धाकटं भावंड, फक्त जास्त पांढरं. काल ताटलीत असलाच एक दात तिच्या हाती आला होता. ती त्याला तीन-सहा म्हणाली होती आणि चुकली होती.

आज बाजू उलटी करायची गरज नव्हती. आपल्याच तोंडात डावं ते डावंच होतं.

"सात-पाच," ती म्हणाली. दुधाच्या दातांत याच भागाचा आकडा तीनऐवजी सात असतो. "दुधाची दाढ आहे."

गुडवेगने मान हलवली आणि तिला शेजारच्या खोलीत क्ष-किरणाच्या यंत्राकडे नेलं. थोड्या वेळाने पडद्यावर चित्र उमटलं. दाढेची दोन्ही मुळं शाबूत होती आणि खाली नुसतं हाड.

"इथला तीन-पाच कधी तयारच झाला नाही," गुडवेग म्हणाली. "खालून ढकलणारं कुणी नाही, म्हणून हिने जागा सोडली नाही. नीट सांभाळलीस तर अजून बरीच वर्षं काम देईल."

दोघी परतल्या तेव्हा सिवर्टचं तोंड हसू दाबून वाकडं झालं होतं.

"अठ्ठेचाळीस वर्षांची झालीस आणि अजून दुधाचे दात पडले नाहीत तुझे."

"पड खुर्चीवर," टोरिल म्हणाली.

गुडवेग जाता जाता थांबली. "मंगळवारी दुसऱ्या तुकडीला ही दाढ दाखवली तर चालेल? तुला यावं लागेल."

टोरिल हातमोजा चढवत होती. तिने एकेका बोटाचं टोक ओढून नीट बसवलं.

"बघते," ती म्हणाली.

सिवर्टने आ केला. तिने आरसा आत घातला आणि गोंधळली, नेहमीसारखीच. त्याची उजवी बाजू तिच्या डावीकडे. मग काही न ठरवता तिची जीभ तिच्याच वरच्या उजव्या दाढेकडे गेली, थेट शेवटी. जीभ तिथे टेकवून तिने सिवर्टच्या तोंडात तीच जागा शोधली.

"एक-आठ नाही," ती म्हणाली. "अक्कलदाढ अजून यायची आहे."

सिवर्टच्या घशातून काहीतरी आलं, बहुतेक शिवी.

"बोलू नकोस. एक-सात. एक-सहा."

ती हळू चालली होती. दर दाताला तिचा गाल आतून जरासा हलायचा आणि मग आकडा यायचा. मधली रेषा ओलांडून ती डावीकडे गेली, खाली उतरली, पुन्हा उजवीकडे आली. गुडवेग केव्हा मागे येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही. एकदा ती अडली, जीभ मागे नेऊन पुन्हा पुढे आली आणि आकडा सांगितला. गुडवेगने दुरुस्ती केली नाही.

"चार-सात. चार-आठ नाही."

टोरिलने आरसा बाहेर काढला आणि ताटलीत ठेवला. सिवर्ट जबडा चोळत उठला.

"मंगळवारी," वळून न पाहता तिने विचारलं, "किती वाजता?"