शंभर मिनिटांचा ठिपका

माझे वडील व्येको आमच्या गावाचे संपर्क-पोलीस होते. चोर पकडणारे नव्हे, दारोदार कॉफी पिणारे, असं ते स्वतःच म्हणायचे. रझदोल्यात एकतीस घरं. दर महिन्याला ते एकतीसही घरांत जात, प्रत्येक घरी एकच कॉफी घेत आणि वीस मिनिटांत उठत. जिथे सांगण्यासारखं काही नसे तिथेही वीस मिनिटं, आणि जिथे पुष्कळ असे तिथेही वीसच.

"एका दारात जास्त थांबलो की शेजाऱ्याला कळतं, बातमी कुठून निघाली ते," ते म्हणायचे. "म्हणून सगळ्यांची कॉफी प्यायची. औषधासारखी कडू असली तरी."

दोन वर्षांपूर्वी खात्याने पर्यावरणाचं धोरण आणलं. ठाण्याच्या छपरावर सौरपट्ट्या बसल्या, वडिलांची गाडी गेली आणि विजेवर चालणारी सायकल आली. त्यांना ती आवडली. आवाज नाही, कुत्री भुंकत नाहीत. तिच्यात एक यंत्र होतं, ते किलोमीटर आणि वाचलेला धूर मोजायचं. थांबलेला वेळही मोजतं, हे त्यांना ठाऊक नसावं.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी त्यांचा फोन आला. मी तेव्हा राजधानीत, झाग्रेबला शिकवत होते.

"आज एका घरी नियम मोडला, तिहाना. उठवेचना."

कुणाच्या घरी, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नसतं. एवढंच कळलं, की विषारी कचऱ्याची पिंपं भरून येणारा ट्रक कुणाचा आणि ती पिंपं डोंगरातल्या कुठल्या विवरात पडतात, हे बघणारं माणूस अखेर बोललं होतं. आमच्याकडे डोंगराच्या पोटातलं पाणी सगळं एकच. वरच्या विवरात पडलेलं खालच्या विहिरीत उतरतं. सोमवारी वरच्या कार्यालयात जाऊन सांगतो, तोवर कागदावर काही नको, असं ते म्हणाले. शनिवारी सकाळी खिंडीच्या वळणावर एका जड वाहनाने त्यांना उडवलं. वाहन सापडलं नाही.

आमच्या खोऱ्यात ट्रक एकाकडेच आहेत. झ्वोन्को. दफनानंतरच्या जेवणात त्याने स्वतः उठून माझा पेला भरला.

"व्येको शेवटी शेवटी फार विचारात दिसायचा. कुणी त्याच्या कानात काही घातलं होतं का गं?"

"मला नाही माहीत."

"कळलं तर सांग हं, पोरी. मलाही वाईट वाटतं ना."

पुढच्या आठवड्यात गावातल्या स्तिपानच्या बारा मधपेट्या कुणीतरी उलथवून जाळल्या. स्तिपानने वडिलांना काहीच सांगितलं नव्हतं, तो फक्त बडबड्या होता. पण गावाला काय ते कळलं. कुणीतरी ते एक घर शोधत होतं, आणि मधपेट्यांवर थांबणार नव्हतं.

वडिलांच्या जागी आलेल्या लोव्रोला मी त्या फोनचं सांगितलं. पोरगा सरळ होता. त्याने नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ताई, बघणाऱ्याचं नाव नाही तर मी लिहू काय?"

नाव माझ्याकडे नव्हतं. त्या दिवसांत मला ते हवं होतं, हे मी लपवत नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, प्रार्थनेनंतर, लोव्रोने अग्निशमन दलाच्या सभागृहात गावाला बोलावलं. सायकल-योजनेला वडिलांचं नाव द्यायचं होतं. बाहेर बोरा, डोंगरावरून उतरणारा थंड वारा, सुटला होता आणि पत्रे थरथरत होते. आई काळ्या कपड्यांत पहिल्या रांगेत बसली. मी दोन शब्द बोलणार होते म्हणून भिंतीशी उभी होते. मागे, दाराला पाठ लावून, झ्वोन्को.

लोव्रोने पडद्यावर गावाचा नकाशा लावला. त्यावर हिरवे ठिपके उमटले. एकेक ठिपका म्हणजे वडिलांचा एकेक थांबा. जितका थांबा मोठा तितका ठिपका मोठा. त्याने हे आदल्या रात्री जागून केलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

"चार हजार किलोमीटर, आणि धूर शून्य!" तो म्हणाला. "आणि हे बघा. नुसतं फिरणं नाही, बसणं. वीस मिनिटं, वीस मिनिटं, वीस मिनिटं. आणि हा शेवटच्या आठवड्यातला, गुरुवारचा. शंभर मिनिटं! लोकांशी नातं जोडणं म्हणतात ते हेच."

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे एकसारखे ठिपके आणि त्यांत एक बशीएवढा.

"लोव्रो," मागून झ्वोन्को शांतपणे म्हणाला, "तो जरा मोठा कर ना. कुणाचं दार आहे ते?"

आणि लोव्रोने तो मोठा केला. ओढ्यापलीकडचं घर, पत्र्याचा गोठा, बाजूने डोंगराकडे चढणारा गाडीरस्ता. लूत्सामावशी. साठीची विधवा, सात शेळ्या आणि एकटी. ती तिसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. वळून बघणाऱ्या माना मी मोजल्या नाहीत. तिच्या शेजारची बाई मात्र किंचित सरकून बसली.

"लूत्सा," झ्वोन्को म्हणाला, "शंभर मिनिटं? कॉफी उकळत होतीस की डुक्कर?"

थोडे लोक हसले. लूत्सामावशीने पिशवी पोटाशी ओढली. पिशवीचे बंद तिने मुठीत आवळले होते.

नाव मला मिळालं होतं. लोव्रोला लिहायला एवढंच हवं होतं. पण लिहिलेला कागद वर पोचेपर्यंत तिच्या गोठ्याला आग लागायला किती वेळ लागला असता, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मी सांगते," मी म्हणाले. "आज ना उद्या बोलावंच लागणार होतं. बाबा तिच्याकडे जायचे."

"ते दिसतंय," झ्वोन्को म्हणाला.

"तसं नाही, कॉफीपुरतं नाही. सायकल येण्याच्या आधीपासून जायचे. तेव्हा गाडी चक्कीमागे लावायचे, नंतर रात्री पायी जायचे, म्हणून कुणी पाहिलं नाही. चार वर्षं. मला त्यांच्या फोनमध्ये सापडलं."

हे शब्द इतके सहज कुठून आले, ते मला आजही कळलेलं नाही. तो एक गुरुवार सोडला तर जन्मभर कुणाच्याही घरात वीस मिनिटांवर न बसलेल्या माणसाला मी त्याच्याच गावासमोर, त्याच्याच सभेत, लबाड ठरवत होते. आणि पहिल्या रांगेत आई होती.

आई उठली. तिला उठायला नेहमीच वेळ लागतो. दोन रांगा ओलांडून ती लूत्सामावशीसमोर उभी राहिली.

"माझ्या घरी येऊन रडलीस," ती म्हणाली. "माझी भाकरी खाल्लीस. त्याच्या शवपेटीला हात लावलास, मेले. लाज नाही वाटली?"

"मिल्का..."

"माझं नाव घेऊ नकोस! ह्या गावात पुन्हा दिसलीस तर तुझ्या झिंज्या माझ्या हातात असतील. तुझी बहीण आहे ना समुद्राकडे, जा तिच्याकडे. तिथे जाऊन घाल कॉफी."

लूत्सामावशी खाली बघत राहिली. तिने नाही म्हटलं नाही.

मग सभागृह बोलू लागलं. बायका कुजबुजल्या, पुरुष खाकरले, कुणीतरी म्हणालं, "वा रे व्येको!" लोव्रोने पडदा बंद केला, त्याचे कान लाल झाले होते. बाहेर पडताना झ्वोन्को माझ्याजवळ थांबला.

"बाप तर रंगेल निघाला तुझा. मी त्याला साधा समजत होतो." तो हसला. मग हसू ओसरलं तरी तो माझ्याकडे बघत राहिला. "चार वर्षं म्हणालीस?"

"चार."

"चक्कीमागे."

"हो."

"तिथे तर माझा ट्रक असायचा," तो म्हणाला आणि टोपी घालून वाऱ्यात निघून गेला.

घरी येताच आईने पाटी आणि सुरी घेतली. तिने बटाटे सोलले. मी तिला खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तेव्हा तिने सुरी खाली ठेवली.

"खरं मला ठाऊक आहे. बाई निघून गेली की गाव विचारतं का गेली," ती म्हणाली. "आता नाही विचारणार."

मंगळवारी सकाळी लूत्सामावशी दोन पिशव्या घेऊन आमच्या घरासमोरच्या बसथांब्यावर उभी होती. शेळ्या स्तिपानने नेल्या होत्या. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. बस आली तेव्हा झ्वोन्को पलीकडून आला, तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि बसच्या पोटात ठेवल्या, एखाद्या जावयाने ठेवाव्या तशा. ती चढली. मग तो चालकाच्या खिडकीशी गेला. त्याची खिडकी उघडी होती, आमचीही, आणि वारा आमच्या बाजूला वाहत होता.

"म्हातारीचं तिकीट कुठलं?"

"झादर. शेवटचा थांबा."

बस निघाली.

"तिची बहीण झादरला राहत नाही," आई म्हणाली. कुठे राहते ते मी विचारलं नाही.

झ्वोन्को तिथेच उभा राहून फळ्यावरचं त्या बसचं वेळापत्रक वाचत होता, बोटाने, एकेक थांबा. अकरापर्यंत त्याची गाडी थांब्याशी होती. मी कॉफीचं पाणी ठेवायला वळले आणि परत येऊन पाहिलं तेव्हा ती तिथे नव्हती.