साडेआठची मुकी गाडी

वाटूर फाट्यावर टमटम चालवणाऱ्याला दोन गोष्टी याव्या लागतात. एक, गाडी चालवणं. दुसरी, गाडी न हलवता ती आत्ता निघतेय असं लोकांना वाटायला लावणं. पहिली कुणालाही येते. दुसरीत रखमाजीचा हात धरणारा मंठ्यापासून परतूरपर्यंत कुणी नव्हता.

कला अशी. इंजिन चालूच ठेवायचं. नवा माणूस रस्ता ओलांडताना दिसला की रेस देऊन गाडी एक हात पुढं घ्यायची. माणूस पळत येतो, धापा टाकत बसतो. मग गाडी हळूच एक हात मागं. दर पाच मिनिटांनी "निघालोच!" म्हणायचं, तेही आपल्यालाच उशीर होतोय अशी किंचित चीड आवाजात आणून. या एका हाताच्या जागेत रखमाजीनं सव्वीस वर्षांत जेवढा प्रवास केला, तेवढ्यात काशीला जाऊन येता आलं असतं. एकदा लग्नाला निघालेल्या एका पाहुण्याला त्यानं असं दीड तास बसवून ठेवलं. तिकडं अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली. पाहुणा आहेराचं पातेलं मांडीवर घेऊन फाट्यावरच.

फाट्यावर जळणाऱ्या डिझेलचा बराचसा भाग असा कुठंही न जाता जळत होता. 'प्रदूषण टाळा' असा एक सरकारी फलक तिथं उभा होता. धुरानं तो इतका काळा झाला होता, की नवख्याला ती शोकसभेची सूचना वाटे. फलकाखालीच रखमाजीची बायको दैवशाला हिचं चहाचं हॉटेल. तिच्या दुधावर सायीच्या आधी काजळी धरायची. रखमाजीच्या जुन्या टमटमची मुदत संपली, तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "आता बिनधुराची आणा. न्हाईतर उद्यापासून मी डिझेलचाच चहा देते. गिऱ्हाईकाला फरक कळायचा न्हाई."

तशी विजेवरची गाडी आली. पांढरी, मागं समोरासमोर सहा सीटा. हार झाला, नारळ झाला, चाकाखाली लिंबू झालं. रखमाजीनं चावी फिरवली आणि काहीच झालं नाही. म्हणजे गाडी सुरू झाली होती, पण ती बातमी फक्त गाडीला होती.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येत, वाकून बघत.

"चालू न्हाई का ही?"

"चालूच हाय."

"मंग आवाज?"

"आवाज नसतो हिला."

"बरं बरं," म्हणून माणूस मागच्या गुरगुरणाऱ्या गाडीत जाऊन बसे. जी गुरगुरत नाही ती निघत नाही, हे लोकांना रखमाजीनंच इतकी वर्षं शिकवलं होतं. विद्यार्थी हुशार निघाले. एक हात पुढं घेण्याचा प्रयोगही करून झाला. पण मुकी गाडी पुढं सरकली की लोकांना वाटे, हँडब्रेक राहिला. दोघंजण तर मदतीला धावले आणि चाकाखाली दगड लावून गेले.

पहिला नंबर आला की हा तासभर पुढं उभा राहून वाट अडवतो, अशी तक्रार स्टँडचे अध्यक्ष काकासाहेब यांच्याकडं गेली. काकासाहेबांची टमटम फाट्यावर सगळ्यात मोठ्यानं गुरगुरायची, त्या अर्थानं अध्यक्षपद योग्य जागी होतं. त्यांनी सगळ्यांसमोर निकाल दिला.

"रखमाजी, तू जुना माणूस, म्हणून पंधरा दिवस देतो. सकाळची एक तरी खेप भरून दाखीव. न्हाईतर स्टँडवरचा नंबर सोडायचा. मंग हा मिक्सर घरी ने अन् चटण्या वाट."

सगळे हसले. रखमाजीही हसला, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. पण नंबर सुटला म्हणजे फाटा सुटला, आणि फाटा सोडला की तो नुसता दैवशालाचा नवरा उरत होता.

सातव्या दिवशी मोबाइल दुरुस्तीवाला मच्छिंद्र उपाय घेऊन आला. त्यानं काकासाहेबांच्याच इंजिनाचा आवाज रखमाजीच्या मोबाइलमध्ये भरला आणि सीटखाली स्पीकर बसवला. आवाज सुरू होताच चार माणसं चढली. पाचव्यानं पाय टाकला तोच रखमाजीच्या मुलीचा फोन आला. इंजिन आधी रिंगटोनचं भजन म्हणालं, मग घाईत कुठलं तरी बटण दाबलं गेल्यावर खणखणीत आवाजात विचारतं झालं, "पप्पा, चहा झाला का?"

पाचही जण उतरले. एक म्हातारी जाता जाता गाडीला हात जोडून गेली.

आठव्या दिवशी शरयूबाई आल्या. नवरा वाटूरच्या शाळेत मास्तर, आणि त्या स्वतः परतूरच्या एका कार्यालयात लिपिक.

"मामा, किती वाजता निघणार?"

"भरली की."

"भरली म्हणजे किती वाजता?"

फाट्याच्या इतिहासात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. रखमाजी डोकं खाजवू लागला.

"आमच्याकडं अंगठ्याचं मशीन आहे," शरयूबाई म्हणाल्या. "साडेनऊला अंगठा नाही लागला की अर्धी रजा. या महिन्यात तीन गेल्या. तुम्हाला वेळ सांगता येत नसेल तर मी मागच्या गाडीत बसते. उशीर तिथंही होतो, पण निदान निघाल्यासारखं वाटतं."

मागून काकासाहेब ओरडलेच, "या ताई, निघालोच!"

आपलं वाक्य रखमाजीनं पहिल्यांदाच बाहेरून ऐकलं. त्यात किंचित चीडसुद्धा बरोबर होती. इतकं खोटं वाक्य आपण इतकी वर्षं कसं खपवलं, याचा त्याला मनापासून अचंबा वाटला.

"साडेआठ," तो बोलून गेला.

"नक्की?"

"साडेआठ म्हंजे साडेआठ."

बोलल्यावर तो घाबरला, कारण घड्याळात आठ अठ्ठावीस झाले होते. दोन मिनिटांनी सहा सीटांच्या गाडीत एक बाई बसवून तो निघाला. डिझेलच्या गाडीनं असली चैन केली असती तर संध्याकाळी चूल पेटली नसती. इथं घरच्या बोर्डावर भरलेली वीज होती, रिकाम्या खेपेचाही खर्च अंगावर येत नव्हता.

"आरं, गेला की खरंच!" कुणीतरी ओरडलं.

"डोस्कं बी बॅटरीवर टाकलंय त्यानं," काकासाहेब म्हणाले. "जाऊ द्या. रिकामं जायला नंबर लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी साडेआठला दोघं होते. मग पुन्हा एकच. मग तीन. दैवशालाच्या हॉटेलात लोक 'किती वाजले' ऐवजी 'मुकी गेली का' असं विचारू लागले. चौदाव्या दिवशी चार झाले. पण चार म्हणजे सहा नव्हेत, आणि काकासाहेबांची मोजणी पक्की होती.

पंधराव्या दिवशी काकासाहेबांनी तयारी केली. पावणेआठपासूनच पाच टमटमी रांगेत गुरगुरत होत्या. त्यांच्या स्वतःच्या गाडीत माऊली बसला होता. माऊलीचं काम प्रवासी दिसण्याचं. तो सीटवर बसला की गाडी भरत आल्यासारखी वाटे; भरली की तो चहा प्यायला उतरे. समोर मुक्या गाडीत जेमतेम दोघं. आठ वाजले, सव्वाआठ झाले. रखमाजी सीटवर हाताची घडी घालून बसला होता.

आठ वीसला काकासाहेबांच्या गाडीतून रामराव उतरले. तूर घेऊन परतूरला निघालेले, चिडक्या स्वभावाचे शेतकरी.

"रामराव, आवो, कुठं? गाडी चालू हाय की!"

"चालू तर पावणेआठपासून हाय, काकासाहेब. जाऊन न्हाई राह्यली!" म्हणत त्यांनी पिशवी उचलली आणि मुक्या गाडीत जाऊन बसले. मागच्या गाडीतून एक जोडपं उतरलं आणि त्यांच्या पाठोपाठ आलं. पाच झाले. आणि मग माऊली उतरला.

"तू रे कुठं?" काकासाहेबांचा आवाज चिरकला.

"धा वर्सं झाली परतूरला निघून," माऊली म्हणाला. "एकदा बघून तर येऊ द्या."

सहा!

"भरली!" दैवशाला चहाची गाळणी हातात घेऊनच रस्त्यावर आली. "आवो, भरली! काढा की जल्दी!"

घड्याळात आठ चोवीस. आतली माणसंही 'चला, चला' करू लागली. रखमाजीनं चावीला हात लावला, आणि काढला.

"साडेआठला."

"भरली की जायाचं, हाच स्टँडचा नियम हाय," काकासाहेब म्हणाले. "आत्ता न्हाई गेलास तर ही खेप मी धरणार न्हाई. नंबर गेला समज!"

"म्याडम साडेआठच्या हिशोबानं निघतेत घरून," रखमाजी म्हणाला. "आत्ता गेलो तर माझ्यात अन् तुमच्यात फरक एवढाच, की मी लवकर खोटं बोललो."

आणि तो बसून राहिला. ती सहा मिनिटं त्याच्या सव्वीस वर्षांत सगळ्यात लांब. आठ अठ्ठावीसला शरयूबाई आल्या आणि भरलेली गाडी पाहून जागीच थांबल्या. माऊली उतरला.

"बसा ताई. तुमचा अंगठा हाय." मग माऊली काकासाहेबांकडं वळला. अख्खा फाटा ऐकत होता. "काकासाहेब, तुमची किती वाजता?"

काकासाहेबांनी तोंड उघडलं. ओठावर आलेला शब्द सगळ्यांना माहीत होता. त्यांनी तो गिळला, तोंडावरून रुमाल फिरवला आणि इकडंतिकडं बघून घेतलं.

"पावणेनऊ," ते म्हणाले. "रखमाजीचा नंबर ऱ्हाऊ द्या. अन् मी न्हाई गेलो, तर माझा काढा."

"मंग आत्तापासून कशाला जाळून राह्यले डिझेल?" दैवशाला म्हणाली.

काकासाहेबांनी चावी फिरवली. इंजिन दोन आचके देऊन गप झालं. मग त्यामागचं, मग त्यामागचं. साडेआठला रखमाजी निघाला तेव्हा खडीवर टायर करकरलेले सगळ्या फाट्याला ऐकू आले.

परतूरला शरयूबाईंचा अंगठा वेळेत लागला. रामरावांनी उतरताना "बराबर हाय" एवढंच म्हटलं. ते असं आयुष्यात तिसऱ्यांदाच म्हणत होते. रखमाजी परत फिरला, तर गावाबाहेर समोरून काकासाहेबांची टमटम येताना दिसली. पावणेनऊला निघाली असणार, कारण आत एकटा माऊली होता, आणि दोन्ही हातांनी दांडी धरून परतूर कुठून सुरू होतं ते बघत होता. काकासाहेबांनी नजर चुकवली नाही. एक हात वर केला.

रखमाजीनं हॉर्न दिला. चांगला लांब, काही गरज नसताना.