अर्धे वचन

रुद्राणी गेली त्याला महिना होत आला, तेव्हा गेवराई तालुक्यातल्या मिशनच्या नर्सिंग कॉलेजने तिच्यासाठी स्मरणसभा ठेवली. ती शेवटच्या वर्षाला होती. डेंग्यूच्या तापात प्लेटलेट उतरत गेल्या आणि रक्त चढवूनही उपयोग झाला नाही. तिची धाकटी बहीण प्रणिता त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. वडील कल्याणराव परळीचे भांड्यांचे व्यापारी. सभेला येऊ आणि जाताना प्रणितालाही कायमची घेऊन जाऊ, असे त्यांनी फोनवर आधीच कळवले होते. प्रणिताला जायचे नव्हते. वडिलांना ते सांगण्याचा मात्र तिला धीर होत नव्हता.

सभागृहाच्या दाराशी फळा होता. त्यावर मुलींनी रंगीत खडूंनी लिहिले होते, 'कु. रुद्राणी हिच्या स्मरणार्थ उपकारस्तुती'. कल्याणराव तिथेच थांबले आणि मागून येणाऱ्या पत्नीला, शांतादेवींना, त्यांनी हाताने अडवले.

उपकारस्तुती हा मराठी ख्रिस्ती घरांतला नेहमीचा शब्द. बाळंतपण सुखरूप झाले, नवे घर बांधले, की देवाचे आभार मानायला माणसे जमतात. कोणी गेल्यावरही त्याच्या आयुष्यासाठी जमतात. फळा लिहिणाऱ्या मुलींना त्यात काही वावगे दिसले नव्हते.

कॉलेजच्या चर्चचे पाळक शमुवेल साळवे पुढे आले. ते परळीला रुद्राणीच्या मातीला जाऊन आले होते, म्हणून कल्याणराव त्यांना ओळखत होते.

"साहेब, उपकार कोनाचे मानायचे?" कल्याणरावांनी आवाज न चढवता विचारले. "अन् कावून?"

आभार मरणाचे नाहीत, ती जगली त्याचे आहेत, असे साळवे यांनी सांगून पाहिले. कल्याणरावांनी ते ऐकून घेतले आणि आज तुम्ही बोलणार काय, असे विचारले. साळवे यांनी लपवले नाही. सगळी मुले एकाच दिवशी गमावलेल्या, बायबलमधल्या एका माणसाविषयी ते बोलणार होते. देवाने दिले आणि देवानेच नेले, असे म्हणून त्याने देवाचा धन्यवाद केला होता.

"दिलं तेवढं बोला," कल्याणराव म्हणाले. "नेलं ते बोलू नका. न्हाईतर आमी पोरीला घेऊन हितूनच माघारी जातो."

प्रणिता दाराच्या आत उभी होती. तिने सगळे ऐकले होते. साळवे यांनी तिच्याकडे पाहिले आणि ते बरं म्हणाले.

बायबलमधले ते वचन त्यांनी अशा कितीतरी सभांत सांगितले होते, आणि दर वेळी जोर दुसऱ्या अर्ध्यावरच असे. पहिले गीत चालू असताना ते व्यासपीठाच्या बाजूला उभे राहिले. गीत संपले तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली.

या वचनाचा अर्धाच भाग आज सांगणार आहे, असे ते म्हणाले. "उरलेलं खोटं आहे म्हणून नाही. ज्याचं लेकरू गेलं, त्यानं ते स्वतः म्हणायचं असतं. दुसऱ्यानं त्याला ऐकवायचं नसतं. माझ्या हातून ही चूक पुष्कळदा झाली आहे."

त्या माणसानेही धन्यवाद करून झाल्यावर देवाशी पुष्कळ भांडण केले, हे त्यांनी पुढे सांगितले. देव रागावला तो त्याच्यावर नव्हे, त्याला दुःखाचे कारण समजावून सांगायला आलेल्या मित्रांवर.

"ज्याला आम्ही प्रभू मानतो, त्यानंही वधस्तंभावरून देवाला 'का?' असंच विचारलं. आपल्या बोलीत सांगायचं तर, कावून? त्या दुपारी त्याला उत्तर आलं नाही. मलाही उत्तर माहीत नाही. पण असं विचारणाऱ्या माणसाच्या शेजारी तो बसतो, यावर माझा विश्वास आहे. आता जे दिलं होतं, तेवढं आपण सांगू या. ज्याला आठवतं त्यानं बोलावं."

हे कार्यक्रमात ठरलेले नव्हते. मग चकलांब्याच्या छबुबाई उठल्या. छातीच्या आजाराने त्या मिशनच्या दवाखान्यात राहिल्या होत्या.

"म्या गोळी गालात दाबून ठिवायची, अन् पोरगी पाठमोरी झाली की थुकायची," त्या म्हणाल्या. "तिनं वळखलं. म्हनली, आज्जी, तोंड उघडा. बाजारात शेळीचे दात बघत्यात तसं बघितलं माझं तोंड. रोज. म्हनून मी आज उभी हाय."

मुली हसल्या आणि लगेच दचकून पुढच्या रांगेकडे पाहू लागल्या. तिथे कोणी रागावलेले दिसले नाही. तेव्हा रुद्राणीच्या खोलीतली तेजश्री उठली. रुद्राणी घोरायची आणि कबूल करायची नाही. शेवटी मुलींनी मोबाइलवर आवाज टिपून तिला ऐकवला, तर हा टेम्पो कुणाचा, असे तिने गंभीरपणे विचारले.

शांतादेवींनी पदर तोंडाला लावला, पण हसू बाहेर आलेच. "बापावर गेलती," त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि ते सगळ्यांना ऐकू गेले. कल्याणराव खाली बघत हसले. त्यानंतर बोलणाऱ्यांना बोलवावे लागले नाही.

सभेनंतर अंगणात चहा झाला. पुतण्या रवी गाडी सुरू करून दाराशी घेऊन आला. कल्याणरावांनी प्रणिताला सामान आणायला सांगितले.

"ती न्हाई येत," शांतादेवी म्हणाल्या.

कल्याणरावांनी त्यांच्याकडे पाहिले.

"घरी रुद्राणीचं नाव काढलं की समदे गप बसत्यात. तुमी बी. महिना झाला, मला कुनी तिचं काय सांगितलं न्हाई. हितं तिला वळखनारे लोक हायत. प्रणिता हितं ऱ्हाईली तर मला फोनवर काहीतरी ऐकायला मिळंल. घरी नेली तर आमी दोघी गप बसू."

"अन् हिलाबी ताप आला तर?"

शांतादेवींनी प्रणिताला पुढे घेतले.

"आला तर पहिल्याच दिवशी फोन करीन, अप्पा," प्रणिता म्हणाली. "मला ऱ्हायचंय."

कल्याणरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काही वेळ काढला नाही. मग रवीला गाडी बंद करायला सांगितले. जायला उशीर होईल, असे रवी म्हणाला. होऊ दे, ते म्हणाले.

ते तेजश्रीकडे वळले.

"बाळ, आनखी काय काय करायची ती?"

तेजश्रीने त्यांना खुर्ची आणून दिली.