दार धरायला कोणीतरी

स्थापत्य विभागाच्या बाजूच्या दाराकडे चढणारा उतार माझा आहे. सिमेंट-वाळू विद्यापीठाची, आकडे माझे. बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर, नियमात चोख बसवलेला. सहा वर्षांपूर्वी, शिकत असताना, मी त्याचा अहवाल लिहिला होता आणि बरेच दिवस हवेत होते.

परवा त्याच उतारावर मी बाबागाडीसकट अडकले.

पीएच.डी.ची मुदत वाढवण्याच्या अर्जावर माझ्या मार्गदर्शक मॅडमची सही हवी होती, दुपारी एकच्या आत. नाही मिळाली तर नोंदणी रद्द. सासूबाईंची दाढ नेमकी त्याच सकाळी ठणकायला लागली, त्या डॉक्टरकडे गेल्या, म्हणून आठ महिन्यांची चिमणी माझ्यासोबत. उतार चढून दारापुढच्या सपाट ओट्यावर आले, दार ओढलं, तर ते बाहेर उघडून गाडीच्या चाकांवर आपटलं. गाडी मागे घ्यावी तर मागे उतार. गाडी सोडून दार धरावं, तर गाडी निघाली खाली. दार सोडावं, तर ते स्प्रिंगने धाडकन बंद. माझी ही कसरत चिमणी मोठ्या कौतुकाने बघत होती.

याच ओट्यावर कधीकाळी आम्ही पोट धरून हसलो होतो.

आमच्या प्रयोगशाळेत मॅडमनी घालून दिलेला एक रिवाज होता. मोजमाप एकट्याने घ्यायचं नाही. एकाने आकडा मोठ्यांदा वाचायचा, दुसऱ्याने तो परत म्हणून वहीत लिहायचा. माझा जोडीदार मोजायची फीत धरायचा, म्हणून तो फीतवाला. मी सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीतल्या बुडबुड्याकडे टक लावून बसायचे, म्हणून मी बुडबुडा. उतार तपासायला दवाखान्यातून चाकाची खुर्ची मागून आणली होती. तिच्यात वाळूचं पोतं बसवलं आणि मी ते ढकलत वर नेलं. फीतवाल्याने दार उघडून धरलं आणि भालदारासारखा कमरेत वाकला. "या, पोतेसाहेब. आपलीच वाट बघत होतो." मी इतकी हसले की साहेब घरंगळता घरंगळता राहिले. वीस फेऱ्या मारल्या. वहीत लिहिलं, प्रवेश विनासायास. वीसही वेळा दार त्यानेच धरलं होतं. पुढे मी त्याच्याशीच लग्न केलं. आता तो दूर धरणाच्या कामावर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो.

माझी धडपड ऐकून विभागाचे शिपाईमामा आले. कोपऱ्यातली वीट पायाने सरकवून त्यांनी दाराला अटकवली.

"या ताई. बाळ अगदी तुमच्यावर गेलंय."

"मामा, ही वीट कधीपासून आहे इथे?"

"तुमचा उतार झाला त्याच आठवड्यापासून. आता चाकाच्या खुर्चीवरून येणारी एक मुलगी आहे दुसऱ्या वर्षाला. ती फोन करते, मग मी येऊन वीट लावतो. मी रजेवर असलो की थांबते बाहेर, कोणी येईपर्यंत."

विटेची एक कड झिजून गोल झाली होती.

मॅडमनी अर्ज वाचला. "कारण, घरगुती. बरं. पण दीड वर्षात एक पान नाही. मुदत वाढवू ती कशावर?"

घरून घोकून आणलेलं सगळं मी विसरले. "मॅडम, माझा उतार चुकलाय."

"बाराला एक आहे की."

"उतार बरोबर आहे. वरचा ओटा अपुरा आहे. आम्ही वीस वेळा तपासला, पण दोघांनी. एकटं माणूस आत येऊ शकतं का, हे बघितलंच नाही. आपल्या आवारात अशी किती दारं आहेत, ते मला मोजायचंय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. दोघांनी मोजायचं, हा रिवाज त्यांचाच होता.

"ओटा किती खोल आहे?"

"माहीत नाही."

"मग इथे काय करतेस? मोजून ये. एकला वीस मिनिटं आहेत."

त्यांनी खणातून जुनी फीत काढून दिली. तिच्या टोकाशी दातांच्या खुणा अजून होत्या. दोन्ही हात गुंतले की फीतवाला ती तोंडात धरायचा.

गाडी उतारावर ठेवून वीट मी तिच्या चाकाला लावली आणि ओट्यावर उकिडवी बसले.

"एक मीटर वीस," मी मोठ्यांदा वाचलं आणि सवयीने थांबले.

"ब्ब," चिमणी म्हणाली.

"दाराची फळी नव्वद सेंटीमीटर."

"ब्ब ब्ब."

म्हणजे दार उघडलं की पुढे उरते जेमतेम फूटभर जागा. मी लिहून घेतलं.

दार उघडलं. मॅडम स्वतःच अर्ज घेऊन आल्या होत्या. "आकडा परत कोणी म्हटला?"

मी चिमणीकडे बोट दाखवलं.

"मग तिचंही नाव लिही वहीत," त्या म्हणाल्या. मिटू बघणारं दार त्यांनी पाठीने रेटून धरलं, अर्ज माझ्या वहीवर ठेवला आणि तिथेच उभ्यानं सही केली.