पाण्याच्या दिवशी सभा

आमचे वडील, बन्सीदादा, एकतीस वर्षं हर्सूल भागात पाण्याचे व्हॉल्व्ह उघडत होते. कुठल्या गल्लीला कधी पाणी जाणार, हे त्यांच्या हातातली लोखंडी चावी ठरवायची. एवढी सत्ता हातात, आणि आमचं घर मात्र लाईनच्या शेवटाला. तिथं पोचेपर्यंत पाणी दमलेलं असायचं. देवगाव रंगारीचे पाहुणे धुण्याचं गाठोडं घेऊनच यायचे. त्यांना वाटायचं, व्हॉल्व्हमनच्या घरी हौद भरून वाहत असेल. आम्ही तांब्याभर पाणी द्यायचो आणि सांगायचो, दादा कामावर गेलेत.

दादा कायम कामावरच गेलेले असायचे. धाकट्या बहिणीच्या लग्नात मंगल परिणय सुरू असताना ते उठले, वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करून आले, टँकरच्या पाण्यानं हात धुतले आणि मग लेकीवर फुलं टाकली. निवृत्तीच्या वेळी ऑफिसनं सत्कार ठरवला, तर त्यासाठी अर्धी रजा टाकावी लागेल म्हणून त्यांनीच नको म्हटलं.

म्हणून दादा वारल्यावर मी मनाशी ठरवलं होतं, निदान पुण्यानुमोदनाच्या सभेला तरी त्यांच्यासाठी मांडव गच्च भरला पाहिजे. रविवार, सकाळी साडेदहा. पत्रिका वाटून झाल्यावर ध्यानात आलं, आमच्या भागाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि तो आठवा दिवस नेमका हाच. अकरा वाजता. पाण्याच्या दिवशी आमच्याकडं माणूस स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचतो.

मी कृष्णाकडं गेलो. आता चावी त्याच्याकडं असते. काम दादांनीच शिकवलेलं. म्हटलं, “एक दिवस दोनला सोड रे पाणी.”

“बस का काका! बन्सीदादांसाठी चारला सोडतो.”

घरी येऊन मी हे मोठ्या फुशारकीनं सांगितलं. माय, म्हणजे पारूबाई, तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“जित्तेपणी त्यांनी कव्हा टाइम मोडला नाय. आन् तू आता मोडतो व्हय?”

“अगं माय, माणसं उठून जातील.”

“जाऊ दे. लाव कृष्णाला फोन.” फोनवर ती एवढंच बोलली, “अकरा म्हंजी अकरा.”

रविवारी मांडव भरला. भंतेजींनी वंदना घेतली. मग आमचे माजी नगरसेवक आप्पासाहेब बन्सीदादांवर बोलायला उभे राहिले आणि दहाव्या मिनिटाला स्वतःच्या तिसऱ्या निवडणुकीपर्यंत पोचले. अकराला गल्लीतले नळ फुसफुसले.

कुणी उठलं नाही.

मला भरून आलं. मग मी चेहरे पाहिले. दोनशे माणसं आदरानं बसली होती आणि दोनशे माणसांचे कान आपापल्या नळाशी होते. शेजारच्या मालनबाईंचा एक पाय मांडवाबाहेर होता. पाणी पाऊण तासच येतं. आप्पासाहेब चौथ्या निवडणुकीला लागले.

माय उठली, सरळ माईकपाशी गेली.

“उठा समदे. पाणी आलंय. त्यांच्यापायी एका घरची टाकी कोरडी राह्यली तर मला लई वंगाळ वाटंल.”

मांडव अर्ध्या मिनिटात रिकामा झाला. उरले दादांचा फोटो, भंतेजी, आणि माईक हातात धरलेले आप्पासाहेब. मीही उभाच राहिलो असतो, पण मायनं बादली हातात दिली.

बादल्या भरताना मला एकच धास्ती होती: आता जेवायच्या वेळेलाच येतील. पण नळ बंद झाला आणि लोक परत यायला लागले. ओल्या पदरांनी, भिजल्या पायजम्यांनी. मागच्या गल्लीतलेही आले, त्यांना पत्रिका द्यायची राहून गेली होती. खुर्च्या संपल्या. माणसं फाटकाबाहेर उभी राहिली.

आप्पासाहेब उठू पाहत होते, तेवढ्यात माझी लेक विशाखा माईकपाशी पोचली. तिचा भाषणाचा कागद टाकी भरताना भिजून लगदा झाला होता. तशीच बोलली.

“आबा मला सायकलवर पुढं बसवून न्यायचे. चावीच्या दांड्याला कान लावायला सांगायचे. खाली पाणी पळताना घरघर ऐकू येते. विचारायचे, ‘काय म्हणतंय?’ मी म्हणायचे, ‘गेलं.’ मग ते पायपीट करत शेवटच्या नळापर्यंत जाऊन पाहायचे, खरंच गेलंय का. रोज. प्रत्येक गल्लीत.”

मागून मालनबाईंचा आवाज आला.

“सगळं खरं हाय पोरी. पण आमच्याकडं धार बारीकच यायची.”

माय मान वळवून म्हणाली, “तुमचा पाईपच बारीक हाय, मालनबाई. ते सतरांदा सांगून गेले. बदलला का?”

सगळा मांडव हसला. मायही हसली, तेरा दिवसांत पहिल्यांदा. भंतेजींनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते.