चोवीस सुया

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि खूप लांबली, म्हणून ते साल लक्षात राहिलं, असं भिंगरी पुढे सगळ्यांना सांगायची. पण खरं कारण ते नव्हतं.

भिंगरी तेव्हा नऊ वर्षांची होती. पाय जमिनीला टेकत नसत म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव. बाबा दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियानं गेले, नाव तेवढं मागे राहिलं. नाव, आणि कपाटातला एक तपकिरी लोकरीचा कोट. आई टेलिफोनच्या ऑफिसात होती. दिवसभर कानाला यंत्र लावून ती इतरांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी आली की तिला शब्द नकोसे व्हायचे. भिंगरीनं काही विचारलं तर मानेनंच हो-नाही करायची. मग शाळा सुटली की आई येईपर्यंत, आणि खरं तर आई आल्यावरही, भिंगरी आपली दोरीवरच्या उड्या मारत बसायची.

त्या उड्या खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याच्या डोक्यावर पडायच्या.

शिंपी एकटाच राहायचा. चेहरा सदा एरंडेल प्यायल्यासारखा, म्हणून इमारतीतली पोरं त्याला एरंडेलच म्हणत. जिन्यातून कुणी शीळ घालत गेलं तर तो दार उघडून खेकसायचा, आणि कुणी गुपचूप गेलं तर "चोरासारखा काय जातोस रे?" म्हणून खेकसायचा. वर उड्या सुरू झाल्या की तो मापाचा लाकडी गज छताला ठोकायचा. ठक, ठक, ठक. भिंगरी पाच मिनिटं थांबायची आणि परत सुरू व्हायची. इमारतीला त्या दोघांच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी तो आला नाही तर शेजारच्या बाई विचारायच्या, "आज कोण आजारी आहे गं? तू की तो?"

एका सुट्टीच्या दिवशी आईचं डोकं दुखत होतं आणि गज थांबेना. आई एवढंच म्हणाली, "जा. माफी मागून ये."

भिंगरी पाय ओढत खाली गेली. दार किलकिलं होतं. शिंपी खिडकीशी पाटावर बसला होता. एका हातात सुई, दुसऱ्या हातात दोरा. दोरा सुईकडे निघायचा आणि चार बोटं बाजूनं निघून जायचा. तो पुन्हा मागे घ्यायचा, ओठात ओला करायचा, पुन्हा निघायचा, पुन्हा चुकायचा. भिंगरीनं सात वेळा मोजलं. मग तिला राहवेना. ती आत गेली, त्याच्या हातातून सुई घेतली आणि नेढ्यातून दोरा ओवून परत दिली.

त्यानं दोरा ओढून बघितला. 

"कुणाला सांगशील तर जीभ शिवून टाकीन," तो म्हणाला.

"कशानं? सुईत दोरा तर मीच ओवणार ना?"

म्हाताऱ्याच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. ते हसू होतं, हे तिला पुष्कळ दिवसांनी कळलं.

त्या दिवसापासून ती रोज चार वाजता खाली जायला लागली. आजोबा म्हटलेलं त्याला चालेना. "मी कुणाचा आजोबा नाही. मास्तर म्हण." ती मास्तर म्हणायला लागली. मास्तर हातशिलाईचे कारागीर. गावातल्या मोठ्या कोटाच्या दुकानातून कापून, मशिनीवर जोडून आलेले कोट त्यांच्याकडे यायचे. काजं करणं, अस्तर लावणं, कडा दुमडून शिवणं हे त्यांचं काम. दुकानाचा मॅनेजर दर शनिवारी सकाळी तयार कोट घेऊन जायचा. खोली दुकानाचीच होती. हात चालतायत तोवर खोली, असा ठरावच होता. आणि खोली गेली तर मास्तरांना जायला जागा एकच होती, गावाबाहेरचं वृद्धांचं घर. त्याचं नाव निघालं की मास्तर खिडकीबाहेर बघत. खिडकीबाहेर त्यांना काही दिसत नव्हतं तरी.

"टाका डोळ्यानं घालायचा नसतो, बोटानं घालायचा असतो," ते सांगत. "डोळा लागतो तो दोनच गोष्टींना. नेढ्याला आणि रंगाला. त्या दोन तू बघ, बाकीचं मी बघतो."

चष्म्यानं काही होणार नाही असं डॉक्टरनं सांगून झालं होतं. अंधार आणि उजेड कळायचा, दाराशी माणूस उभा आहे एवढं कळायचं, बस्स.

मग त्यांनी पद्धत बसवली. सुया टोचायची भुशाची गादी होती, विटेएवढी. त्यात भिंगरीनं तीन रांगा लावायच्या, एका रांगेत आठ सुया. खिडकीकडची रांग काळी. मधली निळी. भिंतीकडची तपकिरी. कोट कुठल्या रंगाचा ते मॅनेजर बोलता बोलता सांगायचाच, आणि कापडाची जात मास्तरांच्या बोटांना कळायची. ते न चाचपडता हात नेमका त्या रांगेवर ठेवत आणि सुई उपसत. तिनं लावलेल्या रांगेबद्दल त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही.

काम चालू असताना ते बोलत. म्हणजे रागावतच. भिंगरीच्या फ्रॉकची कड चाचपून तिच्यावर रागावत, शाळेतल्या बाईंवर न बघताच रागावत, हल्लीच्या बटणांवर तर फारच रागावत. भिंगरी दिवसभराचं सगळं त्यांच्यापुढे ओतायची. घरी कुणी तिला "मग?" असं विचारत नव्हतं. मास्तर विचारायचे. "मग? मार खाल्लास की नाही?"

थंडी वाढली. भिंगरीचा जुना स्वेटर कोपराच्या वर चढला. एका गुरुवारी तिनं आईला न विचारता कपाटातला बाबांचा कोट काढला आणि छातीशी धरून खाली नेला.

"मास्तर, हा तपकिरी कोट माझ्या मापाचा कराल?"

मास्तर हातातल्या कामावर वैतागलेले होते. न्यायाधीशांचा नवा काळा कोट होता, सोमवारी त्यांना घालायचा होता, अस्तर सारखं सरकत होतं. त्यांनी बाबांचा कोट ओढून घेतला, शिवणीवरून बोटं फिरवली, बाही उलटी केली.

"कुठल्या कसायानं कापलाय हा?"

"माझ्या बाबांचा आहे."

"मग तुझ्या बाबाला कापडातलं काही कळत नव्हतं. चिंधी आहे नुसती. टाक त्या कोपऱ्यात, पुसायला होईल."

भिंगरीच्या कानांतून वाफा निघाल्या. ती खाली बसली, आणि रोजच्यासारख्या चोवीस सुया ओवल्या. फक्त त्या दिवशी खिडकीकडच्या रांगेत तिनं तपकिरी सुया टोचल्या आणि भिंतीकडच्या रांगेत काळ्या. मग कोट तिथेच टाकून निघून गेली.

शुक्रवारी शाळेत तिच्या डोळ्यांपुढून त्या सुया हलत नव्हत्या. शाळा सुटल्याबरोबर ती धावत आली ती थेट मास्तरांच्या दाराशी. दार आतून लावलेलं होतं. असं कधी नसायचं.

"मास्तर, उघडा ना!"

"आज नको. काम आहे."

"पण सुया..."

"कालच्या पुरतायत. पळ."

"मास्तर, ऐका तरी, त्या सुया ना..."

"पळ म्हणतो ना, कार्टे! उद्या ये."

जिन्यात शेजारच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर सुयांचं बोलायचं म्हणजे मास्तरांचे डोळे गेल्याचं सगळ्या इमारतीला सांगण्यासारखं होतं. आणि कार्टे म्हटल्यामुळे कालचा रागही परत वर आला होता. "जाऊ दे, मरू दे," असं पुटपुटत भिंगरी वर गेली. ते "मरू दे" तिला जन्मभर पुरलं.

शनिवारी दहा वाजता मॅनेजर आला. भिंगरी जिन्याच्या पायरीवर बसून होती. दार उघडं राहिलं होतं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. येताना मास्तरांसाठी बिस्किटांचा पुडा आणायचा. त्यानं काळा कोट उचलून खिडकीशी नेला. उलटा केला, सुलटा केला.

"मास्तर, ही काय थट्टा?"

"काय झालं?"

"काळ्या कोटाला तपकिरी काजं? न्यायाधीशांच्या कोटाला?"

मास्तरांचा हात सुयांच्या गादीवर गेला. खिडकीकडच्या रांगेवर, मग भिंतीकडच्या रांगेवर. तिथेच थांबला.

मॅनेजर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, माझी किती बोटं दिसतायत तुम्हाला?"

"तीन," मास्तर म्हणाले.

मॅनेजरनं बोटं दाखवलीच नव्हती. त्याच्या दोन्ही हातांत कोट होता.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"नजर दोन वर्षं उतरत होती. यंदा पुरतीच गेली."

"मग आजवर हे सगळं... कुणी मदतीला होतं का?"

मास्तरांनी दाराकडे तोंड केलं. दारातल्या उजेडात छोटी सावली होती, ती त्यांना दिसली असणार. 

"कोण असणार? चूक माझी," मास्तर म्हणाले. "ते दार लावा. वारा येतोय."

महिनाअखेरीला खोली सोडायची असं ठरलं. मॅनेजर त्या दिवशी बिस्किटांचा पुडा तसाच ठेवून गेला.

भिंगरी नऊ दिवस खाली गेली नाही. वर मात्र रोज दोरीवर उड्या मारल्या, नेमक्या त्यांच्या पाटाच्या वर. जोरात मारल्या, दोन्ही टाचा आपटून मारल्या. खालून गज वाजला नाही. ती थांबायची, कान देऊन ऐकायची, परत मारायची. आईनंच शेवटी तोंड उघडलं. "बास कर. खालचा माणूस जायचाय."

शेवटच्या सकाळी ती गेली. पत्र्याची ट्रंक भरलेली होती, इस्त्री फडक्यात बांधलेली होती, गज भिंतीला टेकून होता. मास्तर पाटावरच बसले होते. त्यांनी मांडीवरची वस्तू पुढे केली. तपकिरी कोट. लहान केलेला, नवी कॉलर, आत नवं अस्तर.

"घाल."

तिनं घातला. खांद्यावर अगदी बरोबर बसला. बटणं लावायला तिनं मान खाली घातली, आणि तिला पाच काजं दिसली. पाचही काळी.

तिला कळलं. ही शुक्रवारचीच काजं होती. दार आतून लावून ते हेच करत होते.

"मास्तर, सुया मी बदलल्या होत्या."

"माहीत आहे. सुयांना पाय नसतात."

"मग मॅनेजरकाकांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पोरीच्या डोळ्यांनी न्यायाधीशांचे कोट शिवतो म्हणून?" ते खेकसले; पण खेकसण्यात दम नव्हता. "माझ्या हाताखालून गेलेला टाका माझा." मग त्यांनी विचारलं, "यावर कुठला रंग आलाय?"

"काळा."

"हं. तपकिरीवर काळा. अगदीच काही वाईट नाही." त्यांनी बाहीवरून बोटं फिरवली. "कापड चांगलं आहे. घाण शिवणाऱ्यानं केली होती. कापड निवडणाऱ्याला कळत होतं."

भिंगरीला रडू फुटलं. मास्तरांना रडणं अजिबात खपायचं नाही. ते म्हणाले, "बाहीवर पुसू नकोस."

"सुया ओवून देऊ? तिकडे लागतील."

त्यांनी गादीचा डबा तिच्याकडे सरकवला. "दे."

तिनं चोवीस सुया ओवल्या. दोरे नेहमीपेक्षा लांब घेतले. खिडकीकडे काळ्या, मधे निळ्या, भिंतीकडे तपकिरी. गादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिल्या रांगेवर बोट ठेवलं.

"ही काळी?"

"काळी."

त्यांनी मान हलवली. गादी डब्यात ठेवली, झाकण लावलं. मग झाकण परत उघडून त्याच रांगेवर बोट ठेवलं.

"नक्की काळी?"

"नक्की," भिंगरी म्हणाली. 

वर गेल्यावर आईनं अंगातला कोट पाहिला. भिंगरीला वाटलं, आता बसेल एक. आईनं तिला जवळ ओढलं, राहिलेलं वरचं बटण लावलं आणि मग ती बराच वेळ कॉलर दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

मास्तर वृद्धांच्या घरात चौदा महिने होते. भिंगरी आईबरोबर दोनदा भेटायला गेली. पहिल्यांदा तिचे चिखलाचे बूट फरशीवर पचपचले, त्यावरून ते रागावले. दुसऱ्यांदा त्यांनी तिला ओळखलं नाही, आईशीच पावसाबद्दल काहीबाही बोलले. ते गेल्यावर तिथल्या व्यवस्थापकानं डबा आणून दिला. म्हाताऱ्या माणसांजवळ सुया ठेवू देत नाहीत, म्हणून डबा पहिल्या दिवसापासून ऑफिसच्या कपाटात होता. चोवीसच्या चोवीस सुया होत्या, दोरे जसेच्या तसे.

तयार कपड्यांचा जमाना आला तेव्हा ते दुकान बंद पडलं. मॅनेजर एका सिनेमाघरात दारावर तिकिटं फाडायला लागला. भिंगरी दिसली की ओशाळून मान वळवायचा. न्यायाधीशांना दुसरा कोट मिळाला, पहिल्याचं काय झालं ते त्यांना कळलंसुद्धा नसेल. खालच्या खोलीत एक टाइपरायटर दुरुस्त करणारा आला. फार सज्जन माणूस. "खुशाल उड्या मार गं," म्हणायचा. भिंगरीनं दोरी कधीच सोडून दिली होती. आईच्या ऑफिसात आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि ती घरी बसली. शेवटची दहा वर्षं मात्र ती अखंड बोलली, जणू साठलेलं सगळं एकदमच बाहेर आलं. कोटाचा विषय तिनं कधी काढला नाही.

भिंगरी चौतीस वर्षं एका औषधांच्या दुकानात होती. प्रत्येक बाटलीवरचं नाव ती दोनदा मोठ्यानं वाचायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. मागचे लोक कंटाळायचे. "अहो बाई, एकदा वाचलंत ना?" असं कुणी म्हटलं, की ती तिसऱ्यांदा वाचायची.

कोट तिनं चार हिवाळे घातला. मग तो ट्रंकेत गेला आणि ट्रंकेत त्याला कसर लागली. मागच्या वर्षी ट्रंक उघडली तेव्हा हात लावताच लोकर भुग्यासारखी गळून पडली. काजांचा दोरा सुती होता, त्याला किड्यांनी तोंड लावलं नव्हतं. तळाशी पाच काळी काजं होती, घट्ट, एकही टाका न सुटलेली.