कनातीपलीकडचं हसू

मुलांनो, एक मोठा तंबू डोळ्यांसमोर आणा. लग्नाच्या मांडवाहून मोठा, जागोजागी ठिगळं लावलेला, चारी बाजूंनी दोर ताणून बांधलेला. आत खुर्च्या नाहीत, बाकं नाहीत. प्रवरेच्या पात्रातली वाळू आणून जाड पसरली आहे. एका टोकाला पांढरा पडदा आहे आणि त्या पडद्यापासून थेट मागच्या टोकापर्यंत, तंबूच्या बरोबर मधोमध, माणसाच्या डोक्याहून उंच अशी कापडाची भिंत उभी केली आहे. तिला कनात म्हणतात. कनातीच्या एका बाजूला पुरुष बसतात, दुसऱ्या बाजूला बायका. पडदा दोघांनाही दिसतो, पण एकमेकांना कोणी दिसत नाही. दिसला तंबू? मग तुम्हीही बसा वाळूत. कोणत्या बाजूला, ते तुमचं तुम्ही ठरवा. लहान मुलांना दोन्हीकडे मोकळीक होती.

ही मोकळीक सगळ्यांत जास्त वापरायची ती चांगुणा. कनातीखालून सरपटत ती इकडची तिकडे व्हायची. आई भागूबाई बायकांत बसलेली असायची आणि आजोबा आप्पासाहेब पुरुषांत, अगदी पुढे. आजोबांजवळ शेंगा असायच्या, आईजवळ मांडी. शेंगा संपल्या की चांगुणा मांडीकडे जायची.

साल होतं एकोणीसशे चव्वेचाळीस. लढाई चालू होती, तरी कोल्हारला भगवतीची यात्रा भरली होती आणि यात्रेत छगनरावांचा सिनेमाचा तंबू आला होता. त्या वर्षी तंबूत मार्तंडरावांचा नवा सिनेमा लागला, ‘उरलंसुरलं’.

मार्तंडराव नगरचे. घराण्यात सगळे कारकून नाहीतर मास्तर. हे एकटेच सिनेमाकडे वळले. पण ते कुठल्या कंपनीत नोकरीला नव्हते. स्वतःच गोष्ट लिहायची, मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं स्वतःच चित्रं घ्यायची, आणि नट म्हणून शेजारपाजारची माणसं उभी करायची. सिनेमे सगळे विनोदी. त्यांत राजे नसायचे, राक्षस नसायचे. आपल्यासारखी घरं असायची, चूल असायची, ओसरीवर घोरणारा पाहुणा असायचा. म्हणून कोल्हारकरांचा या माणसावर फार जीव होता. आता जीव असला म्हणजे एकमत असतंच असं नाही.

पहिल्या दिवसाचा खेळ झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूबाहेरच्या चहाच्या दुकानापुढे मंडळी जमली. मार्तंडराव स्वतः यात्रेला आले होते. ते बाकावर बशीतून चहा पीत बसले होते. त्यांच्या तोंडावरच भांडण सुरू झालं.

“मार्तंडराव, राग मानू नका,” आप्पासाहेब म्हणाले, “पर तुमचा पयला सिनेमा, ‘रेड्याची वरात’, तो खरा. हसून हसून माझं पागोटं वाळूत पडलं हुतं. आता या नव्यात रेडा हाय, पर एकदाच येतो.”

“एकदा येतो तो पुरे झाला!” रंगनाथ मास्तर म्हणाले. ते गावच्या शाळेत शिकवायचे. “रेडा पाहुण्याच्या मागे लागतो तो लागतोच. गाव संपतं, शिवार संपतं, रेडा काही संपत नाही. मार्तंडरावांचा उत्तम सिनेमा दुसरा, तो कचेरीचा. केवढा बारीक विनोद!”

“लई बारीक. मला तर दिसलाच न्हाई.”

“आप्पासाहेब, विनोद बघायला जरा डोकं लागतं.”

“डोकं हाय की. त्यावरच तर पागोटं हुतं.”

सगळे हसले, मास्तरही हसले. मार्तंडरावांनी बशी खाली ठेवली आणि हात जोडले. “तुम्ही माझ्यासाठी सकाळची कामं टाकून भांडताय, याहून मला काय हवं? पण मला एक सांगा. पाटाचा देखावा तुम्हाला कसा वाटला?”

आप्पासाहेब पागोटं सारखं करू लागले.

पाटाचा देखावा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. सिनेमातल्या घरी पाहुण्यांची पंगत उठते. घरची सून सगळ्यांना वाढून दमलेली असते. सगळे पांगल्यावर ती स्वयंपाकघरात एकटीच राहते. ती दाराकडे बघते, मग स्वतःसाठी पाट मांडते, रांगोळीची रेघ ओढते, आणि पाहुणी होऊन पाटावर बसते. लगेच उठून यजमानीण होते. “घ्या ना हो, लाजताय काय?” म्हणून रिकाम्या पाटाला आग्रह करते. पुन्हा पाटावर बसून “नको, नको, पोट भरलं” म्हणते. पुन्हा उठते आणि वाढायला जाते, तर पातेल्यात उरलेली असते एक चतकोर भाकरी. तीच ती मोठ्या थाटानं स्वतःला वाढते. बस, एवढंच.

“चांगला हाय,” अखेर आप्पासाहेब म्हणाले. “पर हसायचं कुठं ते कळंना.”

“संथ आहे,” मास्तर म्हणाले. “स्पष्टच सांगायचं तर मी तेव्हा विडी ओढायला बाहेर गेलो होतो.”

तेवढ्यात तंबूचे मालक छगनराव आले. “ऐकलंत ना मार्तंडराव? मी काल काय म्हणत होतो? लढाईपायी इंजिनाला तेल मोजून मिळतंय. तेवढ्या तेलात संध्याकाळचे दोन खेळ बसले पाहिजेत. तुमचा सिनेमा लांब आहे. एक देखावा कापा, नाहीतर फितीच्या पेट्या परत घेऊन जा.”

पेट्या परत नेऊन मार्तंडराव जाणार कुठे? दुसऱ्या तंबूवाल्यांनी त्यांचा सिनेमा घेतलाच नव्हता. लढाईमुळे कोरी फीतही मिळत नव्हती, म्हणून सिनेमाची ही एकच प्रत गावोगाव हिंडत होती. कापलेला तुकडा म्हणजे गेलेला तुकडा. पुढच्या कुठल्याच गावाला तो दिसणार नव्हता.

“मी काल बघितलं,” मार्तंडराव हळूच म्हणाले. “सगळ्या देखाव्यांना लोक हसले. पाटाच्या देखाव्याला तंबू गप्प होता. माझा सगळ्यांत आवडता आहे, पण माझ्या आवडीसाठी लोकांना का बसवून ठेवू? आज एकदा दाखवू या. उद्या कापून टाकतो.”

आता मार्तंडरावांची बघायची रीत ऐका. ते खेळाला पडद्याकडे पाठ करून बसायचे. पडद्यावर काय आहे ते त्यांना पाठच होतं. ते माणसांचे चेहरे बघायचे. कोण कुठे हसतं, कोण कुठे जांभई देतं, ते टिपायचे. रीत चांगली होती. पण ते बसायचे पुरुषांच्या बाजूला, आणि मधे होती कनात.

चांगुणा बाकामागे उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती पुढे आली.

“काका, बाया हसल्या की.”

“कधी गं?”

“त्या पाटाला. माझी आई हसली. राहीबाई हसली. समद्या.”

“मला कसं ऐकू आलं नाही?”

“कसं येणार? तोंडात पदर हुता!” असं म्हणून चांगुणानं आपल्या परकराचा काठ तोंडात कोंबला आणि खांदे गदागदा हलवून दाखवले. डोळे घट्ट मिटले, मान खाली घातली. तिच्या तोंडून आवाज मात्र एवढासाही आला नाही.

मार्तंडराव तिच्याकडे बघतच राहिले. बायका सासऱ्यादिरांच्या कानावर पडेल असं हसत नाहीत, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? त्यांच्या घरीही तीच रीत होती. पण इतकी वर्षं सिनेमे काढून, त्या गप्प बाजूला हसू असेल, असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

“पोरीच्या सांगण्यावर माझं तेल जाळू का?” छगनराव म्हणाले. “मला ऐकू येईल तेच हसू मी धरतो.”

“तेही बरोबर आहे,” मार्तंडराव म्हणाले. “चांगुणा, आज मी कनातीला कान लावून उभा राहतो. ऐकू आलं तर देखावा राहील.”

चांगुणा पळत सुटली. तिची आई नदीच्या घाटावर धुणं धूत होती. शेजारच्या दगडावर राहीबाई होती. राहीबाई म्हणजे गावची सुईण. निम्म्या गावाला तिनंच पहिल्यांदा हातात घेतलं होतं, त्यामुळे ती कोणाला भीत नव्हती. चांगुणानं धापा टाकत सगळं सांगितलं.

“कापनार?” राहीबाईनं धुणं खाली टाकलं. “येवढा एकच देखावा आमचा, आन् तोच कापनार? रेडा ठिवनार व्हय?”

“मंग आज मोठ्यानं हसा.”

“मोठ्यानं?” भागूबाई घाबरली. “अगं, पलीकडं तुझे आप्पा असत्यात. सून फिदीफिदी हसली म्हनतील.”

“राहीबाई, तू तरी हस.”

“मी हसंन गं. पर मी एकटी हसले तर लोक म्हनतील, म्हातारीचं डोकं फिरलं. तुझ्या आईसारख्या हसल्या पायजेत. सिनेमातला पाट तिच्यासारखीनंच मांडलाय न्हवं?”

भागूबाईनं धुणं पिळलं, पुन्हा पिळलं. त्यातलं पाणी केव्हाच निघून गेलं होतं.

संध्याकाळी तंबू भरला. इंजिन धडधडू लागलं, दिवे मालवले. रेडा पाहुण्याच्या मागे लागला आणि पुरुषांच्या बाजूला नुसता दंगा झाला. आप्पासाहेबांनी पागोटं आधीच काढून मांडीवर ठेवलं होतं. मार्तंडराव मात्र कनातीजवळ उभे होते. त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून छगनराव.

पंगत उठली. सूनबाई एकटी राहिली. तिनं दाराकडे बघितलं आणि पाट मांडला.

रंगनाथ मास्तर विडी काढून उठायला लागले. पुरुष गप्प होते. बायकाही गप्प. कनातीचं कापड तेवढं वाऱ्यानं हलत होतं.

चांगुणा आईच्या मांडीला टेकून बसली होती. आईचं अंग हलताना तिला कळत होतं. तिनं वर बघितलं. पडद्याच्या उजेडात आईचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि निम्मा पदर तोंडात होता. पडद्यावरची सून म्हणाली, “नको, नको, पोट भरलं.” आईचे खांदे गदगदले.

चांगुणानं हात वर केला आणि आईच्या तोंडातला पदर ओढून काढला.

जे बाहेर आलं ते हसूच होतं. आधी एक हुंदक्यासारखा आवाज आला, आणि मग खळखळून, मोकळं, थांबवता न थांबणारं हसू. क्षणभर सगळ्या बायका भागूबाईकडे बघत राहिल्या. मग राहीबाई मांडीवर थाप मारून हसली. मग तिच्या पलीकडची. मग एकेक पदर सुटत गेला आणि सगळी बाजू हसायला लागली. चतकोर भाकरी थाटात वाढली गेली तेव्हा तर पडद्यावरचे शब्दही कोणाला ऐकू आले नाहीत.

पुरुषांच्या बाजूला सगळ्या माना कनातीकडे वळल्या. आप्पासाहेबांचीही वळली. पहिलं हसू कोणाचं, ते त्यांनी ओळखलं होतं. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि मास्तरांचा सदरा ओढला.

“खाली बसा मास्तर. नीट बघू द्या. काय म्हनली ती?”

ती फीत संपली आणि दिवे लागले. दुसरी फीत चढवेपर्यंत दिवे लागायचेच. छगनरावांनी हाताची घडी सोडली. “ऐकलं बुवा,” ते म्हणाले. “राहू द्या तुमचा पाट.”

मार्तंडराव कनातीपुढे गेले आणि त्या कापडालाच हात जोडले.

“बायांनो,” ते म्हणाले, “मी हा देखावा माझ्या आईला आठवून केला. ती आता नाही. कोणाला कळला की नाही, हे आज तुम्ही सांगितलंत. तुमचे फार उपकार आहेत. तुम्ही कनातीमागे आहात हे विसरूनच मी सिनेमे करत राहिलो, याची मला लाज वाटते. पुढचा सिनेमा दोन्हीकडे बघून करीन.”

पलीकडून बांगड्या वाजल्या.

“पण बायांनो, एक देखावा तरी कापावाच लागेल,” मार्तंडराव म्हणाले. “हा राहिला, मग दुसरा कोणता काढू? तुम्हीच सांगा.”

परक्या पुरुषाशी एवढ्या लोकांत कोण बोलणार? बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. कुजबुज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मग राहीबाईनं चांगुणाला जवळ ओढलं आणि तिच्या कानात निकाल सांगितला.

“रेडा,” राहीबाई म्हणाली. “जा, सांग त्याला.”

“पर तो आप्पांचा लाडका हाय,” चांगुणा म्हणाली.

“म्हनून तर तुला धाडते.”

चांगुणानं आईकडे बघितलं. आई पदरानं डोळे पुसत होती आणि अजून मधूनच हसत होती. मग चांगुणा वाकली, कनातीखालून पलीकडे गेली, आणि मार्तंडराव तिच्याकडे बघत उभे असताना त्यांना वळसा घालून आधी आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली.

“आप्पा,” ती म्हणाली, “मला तुमच्याशी रेड्याबद्दल बोलायचं हाय.”